इम्पोर्टेड टेल लाईट बसवल्यावर ब्रेक-इंडिकेटरचा गोंधळ होतोय? कापाकापी करायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, तुमची गाडी यातल्या कशात बसते ते बघा.

ब्रेक दाबला की त्या बाजूचा इंडिकेटरपण मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की ब्रेक लाईट त्याच्या तालावर लुकलुकतो.
एका बाजूचा इंडिकेटर टकटकटक असा घाईघाईत चालतो, दुसऱ्या बाजूचा नॉर्मल.
इंडिकेटर लाल दिसतो, आणि ब्रेकवर पाय असताना दिलेला इंडिकेटर मागच्याला कळतच नाही.
मागे डावीकडे पांढरा रिव्हर्स लाईट लागतो, उजवीकडे लागत नाही, किंवा एका बाजूचा एक कप्पा कायम अंधारात.
गाडी लॉक केली तरी एलईडी हलकेच चमकत राहतात, किंवा मीटरमध्ये बल्ब गेल्याची खूण येते.
ब्रेक दाबला की फ्यूज उडतो.
पावसाळ्यात काचेच्या आत पाणी साचतं.

नाशिकच्या अंबडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, आणि या तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांची गोष्ट जवळपास एकच असते. गाडी इथली, शोरूममधून घेतलेली, टेल लाईट मात्र ऑनलाईन मागवलेले नाहीतर कुणी बाहेरून येताना आणून दिलेले. लावले तेव्हा झकास दिसले, मग वरचं काहीतरी सुरू झालं आणि मालक म्हणतो लाईट डुप्लिकेट निघाले. कधी कधी निघतातही, पण बऱ्याचदा लाईट चांगला असतो, फक्त तो दुसऱ्या देशाच्या नियमानुसार बनवलेला असतो आणि आपल्या गाडीची वायरिंग आपल्या नियमानुसार असते. त्यामुळे बिघाड कुठला आणि डिझाईनचा फरक कुठला हे आधी वेगळं करा. फरकाला बिघाड समजून वायरी कापल्या की मग खरा बिघाड तयार होतो, आणि तो शोधायला दुप्पट वेळ जातो.

थोडक्यात फरक असा. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो आणि पिवळाही चालतो, कंपनीची मर्जी. तिथे कित्येक गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर दोन्हीला मिळून एकच लाल बल्ब असतो. फोर्ड मस्टँगचं अमेरिकन मॉडेल बघा, लाल पट्ट्या एकामागून एक पेटत जातात तोच इंडिकेटर. युरोपात, जपानात आणि आपल्याकडे नव्या गाडीचा मागचा इंडिकेटर पिवळा, म्हणजे अंबरच लागतो, आणि ब्रेकपासून वेगळा. आपल्या सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स १९८९ मध्ये नियम १०२ याच्यासाठीच आहे. आता गंमत बघा, अमेरिकेतली डाव्या स्टिअरिंगची जुनी गाडी आपल्याकडे सहसा येतच नाही, कारण सेकंडहँड गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची असावी लागते. गाडी अडते, पण तिचे लाईट खोक्यात घालून बिनधास्त येतात. गोंधळ तिथून सुरू होतो.

आता तपासणी. पहिल्या तीन गोष्टींना एक रुपया लागत नाही.

सगळ्यात आधी अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि घरातल्या कुणालातरी सीटवर बसवा. पार्किंग लाईट, ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, रिव्हर्स, आधी एकेक करून आणि मग जोडीने. जोडीने बघणं महत्त्वाचं, कारण निम्मे दोष एकट्याने दिसतच नाहीत. पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाबा, ब्रेक दाबून ठेवून इंडिकेटर द्या. नेमकं काय होतं ते मोबाईलवर शूट करा, वायरमनकडे गेलात तर तो व्हिडिओ तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कामाचा. हे करताना ड्रायव्हरने डॅशबोर्डकडेही बघायचं. ब्रेक दाबल्यावर मीटरचे लाईट किंवा नंबर प्लेटचा लाईट मिणमिणत असेल तर लिहून ठेवा, ती खूण पुढे लागणार आहे.

दुसरं म्हणजे काचेवरचे शिक्के वाचा. हे कुणीच करत नाही आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. काच ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरपा धरा, खालच्या कडेला बारीक उठावदार अक्षरं दिसतील. वर्तुळात ई आणि शेजारी आकडा असेल तर तो युरोपच्या पद्धतीचा लाईट, आकडा म्हणजे मंजुरी देणारा देश, १ जर्मनी, ४ नेदरलँड्स, ११ यूके, ४३ जपान. त्याच्या आसपास छोटी अक्षरं असतात. २ए म्हणजे मागचा इंडिकेटर, आर म्हणजे पार्किंग, एस१ म्हणजे ब्रेक, एआर म्हणजे रिव्हर्स, एफ म्हणजे मागचा फॉग (धुक्यात गाडी दिसावी म्हणूनचा लाल दिवा), आयए म्हणजे रिफ्लेक्टर. म्हणजे त्या लाईटमध्ये काय काय आहे याची यादीच काचेवर छापलेली असते. अमेरिकन लाईटवर एसएई किंवा डीओटी असतं आणि पुढे ए, आय, पी२, आर, एस, टी असली अक्षरं. तिथे ए रिफ्लेक्टर, आय इंडिकेटर, पी२ बाजूचा मार्कर, आर रिव्हर्स, एस ब्रेक, टी पार्किंग. लक्षात घ्या, आर हे अक्षर दोन्हीकडे आहे पण अर्थ वेगळा, युरोपात पार्किंग, अमेरिकेत रिव्हर्स. एसएई शिक्का आहे आणि काच सगळी लाल, पिवळा कप्पाच नाही, तर तुमचा इंडिकेटर लाल दिसतो तो बिघाड नाहीये, तो लाईट तसाच बनवलाय. त्याला बल्ब बदलून, रिले बदलून काही होणार नाही. काही कंपन्या दोन्ही शिक्के एकाच काचेवर देतात, तेव्हा पिवळा कप्पा आहे का हेच बघायचं. शिक्काच नसेल तर तो लाईट कुठल्याच नियमात तपासलेला नाही असं धरून चाला. तसल्या लाईटवर वेळ आणि पैसा घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, एका बाजूचा रिव्हर्स किंवा फॉग लागत नाही ही तक्रार. युरोपच्या नियमात मागचा लाल फॉग एकच दिला असेल तर तो मध्यरेषेवर किंवा ड्रायव्हरच्या बाजूला असतो, आणि मग बरेच जण दुसऱ्या बाजूच्या त्याच कप्प्यात रिव्हर्स देतात. आपण, जपान, थायलंड, यूके सगळे डावीकडून चालतो म्हणून तिकडच्या लाईटमध्ये फॉग उजवीकडे येतो. युरोपातल्या इतर बहुतेक देशांच्या लाईटमध्ये तो डावीकडे. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी आतले होल्डर वेगळे असतात, एखादा कप्पा तर मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. मागून होल्डर फिरवून काढा आणि आत बल्बची जागा आहे का बघा. नसेल तर विषय संपला, दुरुस्त करायला तिथे काही नाहीच. आणि एक कळकळीची विनंती, फॉगच्या कप्प्यात ब्रेकची वायर घालून "एक्स्ट्रा ब्रेक लाईट" करून घेऊ नका. मागचा फॉग पार्किंगपेक्षा खूप प्रखर असतो, आणि तो ब्रेक लाईटपासून निदान १०० मिलीमीटर लांब असावा असा नियम एवढ्यासाठीच आहे की मागच्याला दोन्हींची गल्लत होऊ नये. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलं की मागच्या ट्रकवाल्याला तुमची गाडी दिसतच नाही, दिसतात ते फक्त लाल ठिपके, आणि त्या ठिपक्यांवरून त्याला ठरवायचं असतं की ब्रेक मारायचा की नाही.

आता बल्ब. इथे थोडा खर्च आहे पण किरकोळ. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक-पार्किंगला पी२१/५डब्ल्यू असतो, एका बल्बमध्ये दोन तारा, ब्रेकची २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची. अमेरिकन ११५७ बल्ब त्याच होल्डरमध्ये बसतो पण तो साधारण २७ आणि ८ वॅट खातो. बसला म्हणजे चालला असं होत नाही, जास्त गरम होतो, होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडतं, आणि दोन बाजूंना दोन प्रकारचे बल्ब असतील तर प्रकाशात फरक पडतो. दोन्ही बाजूंचे बल्ब काढून शेजारी शेजारी धरा, पितळी टोपीवर नंबर असतो, तो सारखा पाहिजे. इंडिकेटरचा पीवाय२१डब्ल्यू पिवळा असतो आणि त्याच्या दोन पिना समोरासमोर नसतात, मुद्दाम तिरक्या ठेवलेल्या असतात, पांढरा बल्ब चुकून तिथे बसू नये म्हणून. पिन कानशीने घासून पांढरा बल्ब बसवलेल्या गाड्या मी बघतो. तसं असेल तर काढून टाका आणि योग्य बल्ब घाला.

ब्रेक दाबला की फ्यूज उडतो आणि लाईटमध्ये अमेरिकन ३१५७ प्रकारचा पाचरीसारखा बल्ब आहे, तर एक गोष्ट खास तपासा. या होल्डरच्या दोन जाती आहेत, एक साधी आणि एक सीके म्हणून. बाहेरून सारख्याच दिसतात, आतल्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॉडीकडे परत जायच्या, जागा वेगळ्या. साध्या जातीचा एलईडी बल्ब सीके होल्डरमध्ये घातला की सरळ शॉर्ट होतो. आतमध्ये तार असलेला साधा जुना बल्ब परत लावून बघा, फ्यूज टिकला तर दोष त्या एलईडी बल्बचा आहे.

फ्यूज बदलताना फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढाच घाला. मोठा घालून "बघू टिकतो का" हा प्रयोग करायचा नाही, त्यात फ्यूजच्या ऐवजी वायर जळते. नवा योग्य फ्यूजसुद्धा लगेच उडाला तर इथेच थांबा. कुठेतरी वायर बॉडीला टेकलीय किंवा कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) शॉर्ट आहे, ते घरी शोधायचं काम नाही.

आता अर्थिंग, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण ब्रेक-इंडिकेटर एकमेकांत मिसळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं आणि लोक सगळ्यात शेवटी इथे येतात. दोन तारांच्या बल्बला अर्थिंग एकच असतं, दोघींचं मिळून. ते गंजलं किंवा ढिलं झालं की ब्रेकचा करंट परत जाणार कुठून? तो ब्रेकच्या तारेतून येतो आणि उलटा पार्किंगच्या तारेत शिरतो, तिथून पार्किंगच्या वायरीने दुसऱ्या बाजूच्या लाईटला, नंबर प्लेटला, आणि साधे बल्ब असलेल्या गाडीत अगदी डॅशबोर्डच्या लाईटपर्यंत जातो आणि तिथलं अर्थिंग पकडतो. म्हणून ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी मंद पेटतं. वर सांगितलेली मीटर मिणमिणण्याची खूण आठवा, ती दिसली तर नव्वद टक्के इथेच या. एलईडीचा तयार सेट असेल तर लक्षणं थोडी वेगळी दिसतात, सगळा सेट मंद होतो किंवा थरथरतो, मूळ मात्र तेच.

आपल्याकडे अर्थिंग खराब होण्याची कारणं ठरलेली आहेत. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला रोजचं येणंजाणं, वॉशिंग सेंटरला डिकीच्या कडेवर प्रेशरने मारलेलं पाणी, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर गोदाघाटाच्या पार्किंगमध्ये अडकलेल्या गाड्या. अशी गाडी वरून कोरडी दिसते पण डिकीच्या अस्तरामागे अर्थिंगचा बोल्ट हिरवा-पांढरा झालेला असतो. मॅटखाली, अस्तरामागे हात घाला, बहुतेक गाड्यांत टेल लाईटच्या जवळच बॉडीला बोल्टने आवळलेली काळी किंवा तपकिरी वायर सापडते. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, परत घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस लावा. पैसे लागत नाहीत आणि कित्येक गाड्या इथेच बऱ्या होतात.

खात्री करायची तर मल्टीमीटर घ्या, साधा चालतो. पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू ठेवून एक टोक होल्डरच्या अर्थिंगला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर गेलं तर अर्थिंग खराबच. लाईट चालू असतानाच मोजायचं, बंद असताना करंट वाहत नाही त्यामुळे गंजलेलं अर्थिंगसुद्धा शून्य दाखवतं आणि तुम्ही फसता.

अर्थिंग चांगलं आहे तरी गोंधळ कायम, मग कपलरमधल्या वायरींची जागा बघायची. रंगावर भरवसा ठेवू नका, बाहेरच्या लाईटच्या वायरींचे रंग आपल्या गाडीशी जुळतातच असं नाही. टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का दाखवणारा छोटा दिवा) घ्या, लाईटचा कपलर काढून गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये एकेक पिन बघा, पार्किंगला कुठली पेटते, ब्रेकला कुठली, इंडिकेटरला कुठली, कागदावर चित्र काढून लिहा. मात्र नव्या गाड्यांत, जिथे लाईट कॉम्प्युटर मॉड्यूल चालवतो, तिथे टेस्ट लॅम्पऐवजी मल्टीमीटरच वापरा, टेस्ट लॅम्प जास्त करंट ओढतो. जुना, गाडीबरोबर आलेला लाईट जपून ठेवला असेल तर तो लावून बघणं सगळ्यात सोपं. त्याच्यावर सगळं बरोबर चाललं तर गाडीची वायरिंग निर्दोष आहे, दोष नव्या लाईटच्या पिनांमध्ये. म्हणूनच सांगतो, जुना लाईट भंगारात देऊ नका, लगेच विकूही नका.

आता अमेरिकन एकबल्बी लाईटबद्दल. आपल्या गाडीतून ब्रेकची वायर वेगळी येते आणि इंडिकेटरची वेगळी, आणि लाईटमध्ये दोघांना मिळून जागा एकच. काही ठिकाणी या दोन वायरी पिळून एकत्र करतात आणि टेप गुंडाळतात. काय होतं बघा, ब्रेक दाबला की तो करंट इंडिकेटरच्या वायरीत उलटा घुसतो, पुढचे इंडिकेटर पेटतात, आरशातले पेटतात, आणि ज्या गाडीत मॉड्यूल आहे तिथे त्याचा आऊटपुट जळू शकतो. मॉड्यूल टेल लाईटच्या कितीतरी पट महाग. अशी पिळलेली जोडणी दिसली तर गाडी वापरायच्या आधी सोडवा. यासाठी कन्व्हर्टर मिळतात, ते दोन्ही सिग्नल नीट एकत्र करतात, पण माझा सल्ला ते लावायचा नाही. इंडिकेटर लालच राहतो, आणि ओझरच्या पुढे हायवेला हिवाळ्याच्या पहाटे ब्रेक मारत वळणाऱ्या गाडीचा लाल लाईट लुकलुकला तर मागच्याला वाटतं ब्रेक सोडतोय-धरतोय. पिवळा कप्पा असलेला लाईट घ्या, नाहीतर ओरिजिनल परत लावा.

इंडिकेटर घाईत चालणं हे त्यामानाने सोपं प्रकरण आहे. नियमाने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकलं पाहिजे. एलईडी करंट कमी ओढतो, फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) वाटतं बल्ब गेला, म्हणून तो वेग वाढवून तुम्हाला सांगतो. जुन्या गाडीत फ्लॅशर रिले वेगळा असतो, तो काढून एलईडीचा घातला की काम होतं. नव्या गाडीत रिले नसतो, मॉड्यूलच ठरवतो, तिथे साध्या बल्बएवढा करंट ओढायला लोड रेझिस्टर लावतात, साधारण ६ ओहम ५० वॅटचा. इंजिन चालू असताना तो जवळपास ३० वॅट उष्णता टाकतो, हात लावला तर भाजतं. तो पत्र्यावर स्क्रूने बसवायचा, डिकीच्या अस्तराला किंवा वायरींच्या गठ्ठ्याला टेपने चिकटवायचा नाही, आग लागायचं ते एक कारण आहे. रेझिस्टर लावायच्या आधी अर्थिंग बघितलंय ना, हे परत विचारा स्वतःला, कारण खराब अर्थिंगनेही वेग बदलतो.

लॉक केल्यावर एलईडी चमकत राहणं किंवा मीटरमध्ये खूण येणं हा मॉड्यूलचा प्रकार असतो, तो बल्ब शाबूत आहे का हे बघायला बारीक बारीक करंट सोडतो, साधी तार त्यात पेटत नाही पण एलईडी पेटतो. लाईटच्या आधी लावायचा डिकोडर मिळतो. त्याने गेलं नाही तर स्कॅनरवर कोडिंग लागतं.

पाण्याचं थोडक्यात. सकाळी काचेवर हलकी वाफ येते आणि लाईट चालू केल्यावर अर्ध्या तासात जाते, तर सोडून द्या. थेंब खाली साचत असतील तर मागचं रबर पॅकिंग बघा, बाहेरच्या लाईटचं पॅकिंग कधी आपल्या बॉडीच्या वळणावर नीट दबत नाही. सगळीकडे सिलिकॉन फासू नका, लाईटला हवा जायला बारीक छिद्र असतं, तेच बुजतं आणि मग आतली वाफ बाहेर पडत नाही.

कुठे थांबायचं ते परत एकदा स्पष्ट. योग्य फ्यूज दुसऱ्यांदा उडाला, वायर हाताला गरम लागली, जळका वास आला, ब्रेक लाईट दोन्ही बाजूंनी बंद पडले, गाडीत मॉड्यूल आहे आणि अर्थिंग-बल्ब-पिना सगळं बरोबर असूनही दोष आहे, गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असून कुठे केशरी (हाय व्होल्टेज) वायरीजवळ हात जातोय, किंवा वॉरंटी चालू आहे आणि मूळ वायर कापायची वेळ आलीय. यातलं काहीही असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, मॉड्यूलची गाडी असेल तर स्कॅनर असलेल्याकडेच. ब्रेक लाईट बंद असलेली गाडी चालवत नेऊ नका, त्याला घरी बोलवा.

टूरवर चालणाऱ्या गाडीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. शिर्डी-त्र्यंबक फिरणाऱ्या टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तिथे लाल इंडिकेटर किंवा काळी फिल्म लावलेला टेल लाईट अडतो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार करू देत नाही. खाजगी गाडीलाही ते लागू आहेच, आणि मागून कुणी ठोकलं तर इन्शुरन्सवाला फोटोत टेल लाईट बघतोच.

वायरमनकडे जाताना तीन गोष्टी घेऊन जा: काचेवरच्या शिक्क्यांचा फोटो, भिंतीसमोर काढलेला व्हिडिओ, आणि जुना लाईट. अर्थिंग घासलंय का, व्होल्ट किती आले, कुठला बल्ब कुठल्या नंबरचा आहे तेही सांगा, म्हणजे तो पहिल्यापासून सुरुवात करणार नाही आणि मजुरीही तेवढीच कमी लागेल.